दसऱ्याला चालत आली पाहिजे

२८ ऑगस्ट, गुरुवार. दहिवली, कर्जत.

दीड दिवसाचा गणपती गेला. उल्हास नदीवरून परत आलो, आरतीचं ताट अजून तसंच पडलेलं. दादाला मोहोपाड्याला घरी निघायचं होतं. निघता निघता मागच्या पडवीत गेला, बुलेटवरची ताडपत्री वर केली आणि म्हणाला, “पुण्याचा एक जण मागतोय. देऊन टाकतो.”

डोकंच फिरलं माझं. दादाच्या बिल्डिंगमध्ये जागा नाही म्हणून एकोणीस वर्षं माझ्याकडे उभी आहे ती. पुसण्यापलीकडे मी तिचं काही केलं नाही, हे खरं. पण म्हणून देऊन टाकायची?

बाबा गेले तेव्हा दादा अकरावीत होता. शाळा सोडून रसायनीला कारखान्यात फिटर म्हणून लागला. पुढे ही गाडी घेतली आणि पाऊस असो ऊन असो, रोज हिच्यावरून कर्जत-रसायनी. त्याच्या पगारावर मी बी.एस्सी., बी.एड्. झालो. हे सगळं मला पाठ आहे, तरी लिहितोय, कारण त्याचा राग आला की नेमकं हेच विसरतो.

शेवटी अट ठरली. दादाचे शब्द जसेच्या तसे: “दसऱ्याला चालत आली पायजे माझ्या दारात. टेंपोत नाय, ढकलत नाय. गॅरेजवाल्याचा हात लागलेला चालणार नाय. तू स्वतः कर. केलीस तर तुझी, तुझ्या नावावर करतो. नायतर पुण्याचा घेऊन जाईल.”

“मला येणार नाही असं वाटतंय का तुला?”

“विन्या, तू खडूचा माणूस.”

बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. चार धावांचं इंजिन फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचो, तपासणीला आलेले साहेबसुद्धा थांबून बघायचे. खडूचा माणूस म्हणे!

पाच आठवडे आहेत.

३० ऑगस्ट, शनि.

दोन तासिका पडवीत. किक खाली जातच नाही. पूर्ण वजन टाकून उभा राहिलो तरी ढिम्म. सौ. दारातून, “अहो, फोटो काढायचाय का? तसेच थांबा, मोबाईल आणते.”

निदान: पिस्टन गंजून सिलेंडरला धरलाय.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं. दहावीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका कुरतडून केलेलं. एका तुकड्यावर माझी लाल शाई, ‘आकृती अपूर्ण’.

२ सप्टें., मंगळ.

प्लग काढला. भोकातून रॉकेल आणि डिझेल ओतलं, वाटीभर. आता मुरू द्यायचं. रोज थोडं वर घालायचं. लोणच्याला तेल घालतात तसं, सौ. म्हणाली.

दादाची हत्यारांची पेटी पडवीच्या फळीवरच होती. प्रत्येक पान्याला सुताचा दोरा गुंडाळलेला, घामाने हात सटकू नये म्हणून. कागद, विमा सगळं दादाने आजवर चालू ठेवलंय. न चालणाऱ्या गाडीचा विमा भरणारा माणूस, आणि म्हणे देऊन टाकतो.

५ सप्टें., शुक्र.

शिक्षक दिन. दर वर्षीप्रमाणे बाळ्या भोईर गुलाबाचं फूल घेऊन हजर. सत्त्याण्णवच्या बॅचचा. चारफाट्यावर त्याचं गॅरेज आहे, जुन्या बुलेटी दुरुस्त करायला लोक बदलापूरहून त्याच्याकडे येतात. माझे काळे हात बघून फूल कुठे ठेवावं त्याला कळेना.

“सर, तुमी कशाला तरास घेताय? मी येतो ना. दोन दिवसात फटफट करून देतो.”

“हात लावायचा नाही, बाळ्या. अट आहे.”

“बरं, हात नाय लावत. बघू तरी?”

“बघायचंही नाही.”

हसत गेला. विज्ञानात पस्तीसला काठावर काढला होता मी त्याला. आता तो मला शिकवणार? शक्य नाही.

७ सप्टें., रवि.

सुटली!! गाडी चौथ्या गिअरात टाकली आणि मागचं चाक धरून पुढे-मागे, पुढे-मागे. अर्धा तास काही नाही. मग आतून ‘कट्’ असा आवाज, आणि चाक बोटभर फिरलं. मग वीतभर. मग पूर्ण.

इतक्या जोरात ओरडलो की सौ. पोळी तव्यावर टाकून धावत आली. तिला वाटलं मी पडलो. पोळी करपली. मी म्हटलं करपू दे, आज मी करपलेलीच खाणार.

पाठ मोडलीय. पण झोपाळ्यावर बसून उगाचच हसत होतो.

८ सप्टें., सोम.

दादाचा फोन. पुण्याचा माणूस गाडी बघायला येतो म्हणत होता, पण पितृपंधरवडा लागला. तो या दिवसांत व्यवहाराची बोलणी करत नाही. पितरांनी माझ्यासाठी पंधरा दिवस त्याला धरून ठेवलंय. बाबा त्यांच्यातच असणार.

“किक फिरते रे आता,” मी दादाला सांगितलं.

“फिरते म्हणजे चालते का?” म्हणाला आणि फोन ठेवला.

१० सप्टें., बुध.

पेट्रोलची टाकी आतून गंजाने लाल. आत बारीक खडी आणि रॉकेल घातलं, तोंड बांधलं आणि मी एका बाजूने, सौ. दुसऱ्या बाजूने धरून हलवत बसलो. अंगणात एकच खळखळाट. शेजारच्या कुंदाताई कुंपणावरून, “काय हो सर, लोणी काढताय की काय?”

सौ. म्हणाली, “हो, निघालं की देते पाठवून वाटीभर.”

तीनदा रॉकेल बदललं. शेवटचं स्वच्छ निघालं. सौ. दमली तरी सोडून गेली नाही. हे इथे लिहून ठेवतो, तोंडावर सांगायचं राहून गेलं.

१२ सप्टें., शुक्र.

कार्बोरेटर उघडला. सौ.च्या पितळी ताटात सगळे भाग क्रमाने मांडले, पाटीवर आकृती काढून आकडे घातले. पेट्रोल ज्यातून जातं ते पितळी जेट बुजलेलं. भोक केसाएवढं. शिवणाच्या सुईने साफ केलं. छान आरपार दिसलं.

टायर-ट्यूब, केबली, बॅटरी खोपोलीहून नवीन. सामान विकत घ्यायला अटीत बंदी नाही. टायर स्वतः चढवले. दोन ट्यूबा पान्यात चिमटून फाटल्या, तिसरी टिकली.

१५ सप्टें., सोम.

आज माझा विषय. ठिणगी कधी पडायची हे पॉइंट ठरवतात. पिस्टन टोकाला पोचायच्या किंचित आधी पॉइंट उघडले पाहिजेत. पॉइंटच्या फटीत पातळ कागद धरायचा, इंजिन हळूहळू फिरवायचं, कागद सुटला की पॉइंट उघडले. सिगारेटच्या पाकिटातला कागद यासाठी सर्वात चांगला, दादा पूर्वी असंच करायचा ते बघितलेलं.

म्हणून टपरीवर गेलो. टपरीवाला पुंडलिक, तोही माझाच विद्यार्थी. “एक पाकीट दे,” म्हटल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं. “सर, तुमीपन?” कागद काढून घेतला आणि सिगारेटी तिथेच ठेवून आलो, तर तो आणखीच घाबरला.

प्लगच्या भोकातून सौ.ची विणकामाची सुई आत, पिस्टनवर टेकवली. सुई वर आली, थांबली, खाली जायला लागली. टोक सापडलं. खूण केली. पॉइंट लावले. एकदम काटेकोर काम. आकृतीत काढावं तसं.

उद्या सुरू होणार. पैज लावायला तयार आहे.

१६ सप्टें., मंगळ.

किका ३०. एकतिसाव्याला सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या चिंचेवरचे कावळे उठले. कुंदाताईंचा कुत्रा अजून पलंगाखाली आहे.

१७ सप्टें., बुध.

पुन्हा सगळं तपासलं. सगळं बरोबर. किका ४४. बार तीन. शेवटच्या वेळी किक उलटून पायावर आली, घोटा सुजला. सौ.ने हळद लावली.

दादाचा फोन घेतला नाही.

१८ सप्टें., गुरु.

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते. म्हणूनच लिहितो.

लंगडत चारफाट्यावर गेलो. सगळी रात्र स्वतःशी भांडून ठरवलं होतं की हात लावू द्यायचा नाही, पण विचारण्यात काय जातं. बाळ्या एका गाडीखाली होता. बाहेर आला, हात पुसले, स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. सुई, टोक, कागद, फट, सगळं अगदी मुद्देसूद.

त्याने ऐकून घेतलं. मग डोकं खाजवत म्हणाला, “सर, रागावू नका. पिस्टन वर आला ते बरोबर. पन कोनता वर?”

मी बोटांवर धावा मोजल्या.

चार धावा. पिस्टन दोनदा वर येतो. एकदा पेट्रोल दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. ठिणगी पहिल्या वेळी हवी. मी दुसऱ्या वेळी लावून ठेवली होती, रिकाम्या सिलेंडरमध्ये! सुईला दोन्ही वेळा सारखंच टोक लागतं. फळ्यावर मी नेहमी खाली लिहायचो ‘धाव दुसरी’, ‘धाव चौथी’. इंजिनावर कोणी लिहून ठेवत नाही.

आणि हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालायचो. “पिस्टन वर आल्यावर प्रत्येक वेळी ठिणगी पडते का? कारण द्या.” दोन गुणांचा. या बाळ्याचे कितीदा कापले असतील.

“तुमीच शिकवलंत सर,” तो म्हणाला. टिंगल नव्हती त्यात. म्हणून जास्त मेलो.

चहा पाजला त्याने. पडवीत येतो असं म्हणालासुद्धा नाही, बाहेरूनच निरोप दिला. माझा विद्यार्थी!

१९ सप्टें., शुक्र.

सकाळी सात. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला, सौ.ला किक हाताने हळू खाली न्यायला सांगितली. पहिल्यांदा वर आला तेव्हा अंगठ्याखाली काही नाही. पुन्हा वर आला तेव्हा हवेने अंगठा ढकलला, ‘फुस्स’. हीच ती. इथे पॉइंट लावले.

प्लग घातला. पेट्रोल चालू. किक एक, काही नाही. दोन, खोकली. तीन, चार.

पाचव्या किकला लागली.

थांबून थांबून, धुक् … धुक् … धुक् … आणि मग धरलं तिने. निळा धूर पडवीभर. फळीवरच्या बरण्या थरथरायला लागल्या. सौ. कानावर हात ठेवून हसत होती, पदर डोळ्याला लावत होती, धुरामुळे म्हणाली. मी रडलो ते धुरामुळे नाही. सहासष्टाव्या वर्षी स्वतःच्या हातांनी एक मेलेली वस्तू उठवली मी. कोणी बघायला नव्हतं तर नव्हतं, आम्ही दोघं होतो.

कुंदाताई आल्याच. “लोणी निघालं वाटतं!”

स्वतःला गुण: दहापैकी दहा. कालचे दोन कापून आठ. ठीक.

२१ सप्टें., रवि. सर्वपित्री.

बाबांचं पान वाढलं. दुपारी ट्यूनिंग. सुरू होते, पण अडखळते आणि काळा धूर. प्लग काढला तर काजळी. पेट्रोल जास्त जातंय. का? विचार केला, केला, आणि सौ.ची शिवणाची सुई आठवली. जेटचं भोक मी साफ करता करता मोठं केलंय! पितळ मऊ असतं, दहावीलाही माहीत असतं.

नवीन जेट आणायला उद्या खोपोली.

२३ सप्टें., मंगळ.

नवीन जेट. हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत, कान देऊन ऐकत. दादा असंच करायचा, डोळे मिटून. आता त्याला काचबिंदू आहे, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, हात कापतात. कान मात्र शाबूत.

प्लग पुन्हा काढला. बिस्किटाचा रंग! पुस्तकात असतो तसा. रुमालात गुंडाळून सौ.ला दाखवायला स्वयंपाकघरात नेला. “वा, छान भाजलाय,” म्हणाली.

२४ सप्टें., बुध.

आज चालवली. म्हणजे चालवायचा प्रयत्न. या गाडीत गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. मी आयुष्यभर स्कूटरवाला, ब्रेक उजव्या पायाने मारणारा. वळणावर ब्रेक म्हणून जे दाबलं ते गिअर निघालं. गाडी आणि मी कुंदाताईंच्या जास्वंदीत.

लागलं नाही. जास्वंदीला लागलं.

संध्याकाळी मैदानात बारा फेऱ्या. तोंडाने म्हणत, “डावा ब्रेक, डावा ब्रेक.” क्रिकेट खेळणारी सगळी थांबून बघत होती. बघू देत.

२७ सप्टें., शनि.

तीन दिवस पाऊस कोसळतोय. बाहेर काढता येत नाही. पडवीत दहा मिनिटं सुरू करून बंद करतो. दसरा पाच दिवसांवर. लांब पल्ल्यावर काय होईल, ठाऊक नाही. मैदानात फिरली म्हणजे मोहोपाड्याला पोचेल असं नाही.

२९ सप्टें., सोम.

उघडीप. चौकपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. पंधरा मिनिटं झकास. मग गाडी घुटमळली आणि बंद. रस्त्याच्या कडेला उतरलो. ठिणगी आहे. टाकीत पेट्रोल आहे. किक मारली की लागते, अर्ध्या मिनिटात पुन्हा बंद. दुधाचा टेंपो थांबला, “आजोबा, टाकायची का मागं?” मी असा खेकसलो की बिचारा निघून गेला.

कठड्यावर बसलो. पेट्रोल आहे पण खाली येत नाही. का येत नाही? टाकीचं झाकण उघडलं तर ‘सूं’ करून हवा आत गेली. मग पेटलं डोक्यात. मी झाकणाला नवीन रबरी वॉशर घातलाय, त्याने हवेचं भोक बंद झालं. पेट्रोल खाली जातं, वर हवा येत नाही, मग पेट्रोल अडतं. बाटली उलटी केल्यावर पाणी का अडतं, हा प्रयोग मी दर वर्षी सातवीला करून दाखवायचो!

खिशातल्या चाकूने वॉशरला भोक पाडलं. परत येईपर्यंत एकदाही थांबली नाही. हे कोणाला विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. माझं मीच.

इतकं भारी वाटलं की चारफाट्यावर बाळ्याच्या गॅरेजसमोरून उगाच दोन चकरा मारल्या. त्याने पाना वर करून दाखवला.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.

दादाच्या कारखान्यात आजच्या दिवशी यंत्रांची पूजा असायची. तो पेढे आणायचा, त्याच्या कपाळाला गुलाल. मी लहानपणापासून फक्त पुस्तकं पुजली. आज दादाची पेटी पाटावर ठेवली, पाने धुऊन पुसून ओळीने मांडले, हळद-कुंकू, झेंडू. गाडीलाही हार.

सौ. म्हणाली, “हातही ठेवा पाटावर.” थट्टेत म्हणाली, पण मग खरंच माझ्या दोन्ही हातांना कुंकू लावलं. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही.

उद्या.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.

सकाळी साडेसातला निघालो. सौ. एस.टी.ने येते म्हणाली, मागे बसायला तिचा अजून विश्वास नाही. चौथ्या किकला सुरू. चौकपर्यंत दोन्ही बाजूंना भात निसवलेलं, लोंब्या बाहेर आलेल्या, रस्ता ओला, गाडी एका सुरात. एका ठिकाणी मी मोठ्याने बोलत होतो असं लक्षात आलं. “चल बाई, चल” असं काहीतरी.

दादाच्या बिल्डिंगच्या फाटकात शिरलो तर तो आधीच खाली उभा. वहिनी म्हणाली, “भावजी, मला काही ऐकू आलं नव्हतं. हे एकदम उठले, आली म्हणाले, आणि जिने उतरायला लागले. तुम्ही तेव्हा कोपऱ्यावरसुद्धा नसाल.”

आपट्याची पानं दिली, पाया पडलो. दादाने टाकीवरून हात फिरवला, मग सीटवरून, मग इंजिनाजवळ नेऊन आच घेतली. “भोईरच्या पोराने लावलीय. हे टायमिंग खडूवाल्याचं नाय.”

“मी लावलंय.”

“खोटं बोलू नको, सणाच्या दिवशी.”

तेव्हा सगळं सांगून टाकलं. बाळ्याने हात लावला नाही, पाहिलीसुद्धा नाही, पण एक प्रश्न विचारला. कोणता प्रश्न, तेही सांगितलं. लपवून गाडी मिळवली असती तर ती माझी झाली नसती. दादा म्हणाला, “म्हंजे त्याने सांगितलं.” मी म्हटलं, “विचारलं. सांगितलं नाही.” यावर वाद झाला, दारातच. वहिनीने दोघांना आत ओढलं. सौ. आली तोवर पानं घेतली होती. श्रीखंड-पुरी वाढली होती. पुण्याचा माणूस रविवारी येणार, असं दादाने जेवतानाच सांगितलं.

जेवून मी जरा आडवा झालो. उठून खाली आलो तर दादा गाडीशी उकिडवा बसलेला, हातात स्क्रू-ड्रायव्हर. पॉइंटची सगळी मांडणी ढिली करून ठेवली होती. डोळ्यांना दिसत नाही, हात कापतात, तरी बरोबर तोच स्क्रू शोधून काढला होता. प्लग काढून जमिनीवर ठेवला होता.

“लाव आता,” म्हणाला. “माझ्यासमोर.”

बिल्डिंगमधले चारपाच जण सोनं द्यायला आलेले, ते उभे राहून बघायला लागले. बत्तीस वर्षं मी परीक्षा घेतल्या. माझी अशी कोणी घेतली नव्हती.

विणकामाची सुई नव्हती, वहिनीने झाडूची काडी दिली. अंगठा ठेवायला माणूस हवा होता. म्हटलं, “दादा, भोकावर अंगठा धर. हवेने ढकललं की सांग.”

त्याने धरला. मी किक हळूहळू खाली नेली.

“नाय,” दादा म्हणाला.

आणखी फिरवली.

“आली. आली बघ.”

तिथे थांबवली. काडी टाकली, टोक बघितलं, जरासं मागे. सिगारेटचा कागद माझ्या पैशांच्या पाकिटात होताच. सुटला की स्क्रू आवळला. पुन्हा तपासलं, पुन्हा आवळला. घाई केली नाही. मुलांना सांगायचो तसं स्वतःला सांगितलं, पेपर देण्याआधी एकदा वाचून बघ.

प्लग घातला. पहिली किक गेली. दुसरी गेली. कोणीतरी हळूच हसलं. तिसऱ्याला लागली, आणि असा एकसारखा ठोका धरला की आजवर कधी धरला नव्हता.

दादा कान लावून उभा. शाब्बास म्हणेल असं वाटलं. म्हणाला नाही. हाताने चाचपत गाडीच्या मागे गेला आणि मागच्या सीटवर बसला. स्वतःच्या गाडीवर मागे तो आयुष्यात बसला नव्हता. मला शाळेला सोडायचा तेव्हा मागे मी, पुढे तो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“चल.”

वसाहतीच्या मैदानाला दोन फेऱ्या. “तिसऱ्यावर घे,” एवढंच एकदा म्हणाला. उतरताना, “व्हॉल्व्हचा उजवा टॅपेट वाजतोय.” आणि जिना चढून गेला.

परत घरी आलो. सौ. मागे बसून आली.

४ ऑक्टो., शनि.

काल दिवसभर दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

आज सकाळी वहिनीचा. हळू आवाजात बोलत होती, तो आंघोळीला गेला होता म्हणून. “भावजी, परवा संध्याकाळी खाली बाकावर बसले होते. येईल त्याला थांबवून सांगत होते, आमच्या विन्याने लावली. आंधळ्यासमोर लावली, गॅरेजवाल्याचा हात नाही. काल पुन्हा तेच. त्याच माणसांना.”

मी विचारलं, “पुण्याच्या माणसाला नको म्हणून कळवलं का?”

“ते काही बोलले नाहीत हो. तो उद्या अकराला येतोय. तुम्हाला गाडी घेऊन बोलावलंय, एवढंच सांगायला सांगितलं होतं.”

कशाला बोलावलंय? गाडी दाखवायला, की द्यायला? विचारणार नाही. त्याची गाडी आहे, त्याला ठरवू दे. गेलीच तर रडीन, आत्ताच लिहून ठेवतो. पण पुण्याचा माणूस घेऊन गेला तरी त्या बाकावर दादा जे बोलला ते त्याला नेता येणार नाही.

दुपारी उजवा टॅपेट उघडला. खरंच ढिला होता. लावला.